‘नादुरुस्त’ हा शेरा लिहिण्याआधी

प्रति,
मा. शालेय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

विषय : शाळांमधले जुने संगणक निर्लेखित करण्यापूर्वी त्यांच्यावर लिनक्स चालवून पाहण्याबाबत

महोदय,



मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी गेली २२ वर्षं संगणक दुरुस्त करतो. आसपासच्या शाळांचे संगणक माझ्याच टेबलावर येतात. कधी मोटारसायकलवर पोत्यात गुंडाळून, कधी पोषण आहाराच्या टेम्पोतून. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चा आधार संपवला, तेव्हापासून प्रत्येक मुख्याध्यापक मला एकच प्रश्न विचारतात : “आता हे भंगारातच द्यायचे ना?” मी प्रत्येकाला “थांबा” म्हणतो. पण एका दुकानदाराच्या शब्दावर निर्लेखनाची फाइल थांबत नसते. ती आपल्या शब्दावर थांबेल, म्हणून हे पत्र.

दिवाळीची सुट्टी संपल्यावर एका जिल्हा परिषद प्रशालेत गेलो होतो. संगणक कक्षात दहा संगणक होते. जुन्या साड्या कापून शिवलेली झाकणं त्यांच्यावर घातलेली होती आणि कॅबिनेटच्या बाजूला पांढऱ्या ऑइलपेंटनं डेडस्टॉकचे नंबर टाकलेले होते. रजिस्टरमध्ये दहाही नोंदींपुढे एकच शेरा होता : नादुरुस्त. समितीचा ठराव तयार होता, फक्त मुख्याध्यापक मॅडमची सही राहिली होती. त्या म्हणाल्या, “भाऊ, सही करण्याआधी तुम्ही एकदा नजरेखालून घाला.”

पहिलं कॅबिनेट उघडलं. ब्लोअरनं धूळ उडवली, रॅम काढून तिच्या सोनेरी टोकांवर एका मुलाच्या कंपासपेटीतला खोडरबर घासला आणि परत बसवली. संगणक चालू झाला. पडद्यावरची तारीख होती १ जानेवारी २००९. मॅडम म्हणाल्या, “चालू होतो कधीकधी, पण नेट चालत नाही. कुठलीच साइट उघडत नाही.” नेटला काहीही झालेलं नव्हतं. मदरबोर्डवर नाण्याएवढी एक बॅटरी असते, सीआर २०३२. ती संपली की वीज बंद केल्यावर संगणक तारीख विसरतो. कुठलीही सुरक्षित साइट उघडताना ब्राउझर तिचं प्रमाणपत्र तपासतो. संगणकाच्या मते अजून २००९ चालू असेल, तर आजचं प्रमाणपत्र त्याला खोटं वाटतं आणि तो दार लावून घेतो. चहा-वड्याच्या पैशात येणाऱ्या त्या बॅटरीपायी तो संगणक दोन वर्षं साडीखाली पडून होता.

संध्याकाळपर्यंत दहापैकी सात चालू झाले. दोन संगणकांचे पॉवर सप्लाय जळालेले होते, एकाचा बोर्डच गेला होता. चालू झालेल्या सातांत मी पेन ड्राइव्ह लावला आणि हार्ड डिस्कला हात न लावता लिनक्स सुरू करून दाखवलं. सातवीतली एक मुलगी दाराशी उभी राहून बघत होती. तिला खुर्चीवर बसवलं, कळफलक मराठी करून दिला आणि सांगितलं, डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं. तिनं एका बोटानं शोधत शोधत आधी स्वतःचं नाव लिहिलं, मग आईचं. मग विचारलं, “सर, हे पुसायचं का?” मी म्हणालो, राहू दे.

मंत्रिमहोदय, असे कक्ष राज्यभर आहेत. केंद्राची शाळांसाठीची आयसीटी योजना डिसेंबर २००४ मध्ये सुरू झाली. तिच्यातून, पुढे समग्र शिक्षेतून, आमदार निधीतून, लोकवर्गणीतून आणि कंपन्यांच्या देणग्यांतून शाळांमध्ये संगणक येत राहिले. माझ्या टेबलावर येतात त्यांतले बरेचसे कोअर टू ड्युओ, ड्युअल कोअर किंवा सुरुवातीच्या पिढ्यांतले आय थ्री आहेत. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते आणि साधारण २०१८ च्या आसपासचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर लागतो. म्हणजे हे संगणक तिथं बसतच नाहीत. जुन्या विंडोजवर ते चालत राहतील, पण सुरक्षेच्या नेहमीच्या दुरुस्त्या मिळणार नाहीत. शालार्थमधले पगार आणि यू-डायस प्लसमधली मुलांची माहिती जिथं भरली जाते, त्या संगणकाबाबत ही जोखीम लहान म्हणता येणार नाही.

म्हणून लिनक्स. १९९१ मध्ये लिनस टॉरवाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्यानं तो सुरू केला आणि आज जगभरातले लोक मिळून तो घडवतात. त्याला परवान्याचे पैसे लागत नाहीत आणि वर्षाला नूतनीकरणही लागत नाही. ट्रकची चासी एक असते, पण तिच्यावर बॉडी बांधून देणारे वेगवेगळे असतात. कुणी मालवाहू बांधतं, कुणी टँकर, कुणी दुधाची गाडी. लिनक्सचं तसंच आहे. आतलं कर्नल एकच, पण त्याभोवती मेनू, खिडक्या, ब्राउझर आणि ऑफिस बांधून देणाऱ्या संस्था अनेक. अशा प्रत्येक बांधणीला डिस्ट्रो म्हणतात. डिस्ट्रो शेकड्यांनी आहेत, आणि खेड्यातला उत्साही शिक्षक नेमका तिथं अडतो. तो मोबाइलवर ‘जुन्या संगणकासाठी लिनक्स’ असं शोधतो, वीस नावं समोर येतात आणि तो फोन बाजूला ठेवतो.

ही निवड मी स्वतः एकदा चुकीची केली आहे, तीही सांगायला हवी. काही वर्षांपूर्वी एका शाळेत मी मिळेल तितका हलका डिस्ट्रो बसवला होता. तो इतका लहान होता की सगळाच्या सगळा रॅममध्ये मावायचा, आणि संगणक नव्यासारखा पळायला लागला. सगळे खूश झाले. सहा महिन्यांनी गेलो तर झाकणं परत घातलेली. एका गुरुजींना प्रिंट निघेना, दुसऱ्यांना मराठी टाइप होईना. विचारायचं कुणाला? तालुक्यात तो डिस्ट्रो माझ्याशिवाय कुणी पाहिलेलाच नव्हता, आणि मी ३० किलोमीटरवर. शेजारच्या शाळेत मी वेगळाच बसवला होता, त्यामुळे तिथले गुरुजी इथल्यांना काही सांगू शकत नव्हते. तेव्हा मला कळलं की डिस्ट्रो निवडताना त्याचं वजन बघावं, पण त्याआधी त्याला सोबत कुणाची आहे ते बघावं. दुरुस्त्या पुढची काही वर्षं येणार का, मराठी चालतं का, आणि अडलं तर पलीकडच्या शाळेतल्या माणसाला तेच येतं का? या तीन प्रश्नांची उत्तरं होकारार्थी असतील, तर डिस्ट्रो थोडा जड असला तरी चालतो.

आता माझा आजचा हिशेब मांडतो.

संगणक हाती आला की आधी तो ६४ बिटचा आहे की ३२ बिटचा, ते पाहायचं. इथं फसगत फार होते. सेटिंगमध्ये ‘३२ बिट’ दिसतं आणि लोक समजतात की संगणकच तसा आहे. प्रत्यक्षात पुरवठादारानं ६४ बिटच्या प्रोसेसरवर ३२ बिटचं विंडोज टाकलेलं असतं. कोअर टू ड्युओ २००६ मध्ये आला, तोही ६४ बिटचा. तेव्हा पडद्यावर काय लिहिलंय त्याला न भुलता प्रोसेसरचं नाव वाचावं.

६४ बिट आणि ४ जीबी रॅम असेल, तर लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती. खाली पट्टी, कोपऱ्यात मेनू, त्यामुळे विंडोजवर हात बसलेल्या शिक्षकाला पहिल्याच दिवशी घरच्यासारखं वाटतं. मिंटच्या २२ मालिकेला २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळणार आहेत. मिंट २ जीबीवरही सुरू होतो, पण ब्राउझरमध्ये चार टॅब उघडले की धापा टाकतो. म्हणून २ जीबी असेल तिथं मी डेबियन १३ घेतो आणि त्यावर एलएक्सक्यूटी हा हलका डेस्कटॉप. डेबियन १९९३ पासून चालत आलेला आहे आणि तो कुठल्या कंपनीच्या मालकीचा नाही, स्वयंसेवकांचा आहे. १३ वी आवृत्ती ऑगस्ट २०२५ मध्ये आली. तिला तीन वर्षं पूर्ण आधार आणि पुढे दोन वर्षं दीर्घकालीन आधार आहे.

जे खरोखरच ३२ बिटचे आहेत, त्यांच्याबाबत मी कुणाला खोटी आशा देत नाही. डेबियन १३ मध्ये ३२ बिटच्या संगणकावर नव्यानं बसवायची सोय राहिलेली नाही. डेबियन १२ किंवा त्यावर बांधलेला अँटिएक्स अजून चालतो. अँटिएक्स तर ५१२ एमबीवरही उभा राहतो. पण फायरफॉक्सनं ३२ बिट लिनक्ससाठीच्या नव्या आवृत्त्या २०२५ मध्येच थांबवल्या. म्हणजे हे संगणक इंटरनेटपासून हळूहळू तुटत जाणार. मी त्यांचं नेट काढतो आणि त्यांना फक्त मुलांच्या हाती देतो. टक्स पेंटमध्ये चित्रं, जीकॉम्प्रीमध्ये अंक-अक्षरांचे खेळ, टंकलेखनाचा सराव आणि किविक्समधून सगळा मराठी विकिपीडिया, नेटशिवाय. ज्या गावात टॉवरची रेंजच येत नाही, तिथल्या पाचवीच्या वर्गाला एवढं पुष्कळ आहे.

ज्यांची हार्ड डिस्क गेलीय पण बाकी सगळं शाबूत आहे, त्यांच्यासाठीही वाट आहे. एलटीएसपी नावाची व्यवस्था १९९९ पासून चालत आली आहे. तिच्यात एक बरा संगणक सर्व्हर होतो आणि बाकीचे नेटवर्कच्या वायरीतून त्याच्यावरूनच सुरू होतात. दुरुस्ती करायची ती एकाच ठिकाणी, आणि मुलांच्या फाइलीही एकाच ठिकाणी जपल्या जातात. याला कॅट सिक्सची वायर आणि एक स्विच पुरतो.

जमेल तिथं मी एक गोष्ट आवर्जून सुचवतो : फिरती हार्ड डिस्क काढून १२० जीबीची एसएसडी. जुना संगणक हळू चालतो तो प्रोसेसरमुळे क्वचितच. बहुतेक वेळा तो डिस्कची वाट बघत बसलेला असतो. ही एक वस्तू बदलली की मिंट मिनिटाच्या आत समोर येतो, आणि तिची किंमत नव्या संगणकाच्या किमतीत कुठल्या कुठं विरून जाते.

हे करताना ठेचाही लागतात, आणि त्या झाकून मला आपल्याकडे काही मागायचं नाही. अनेक शाळांच्या कार्यालयात दिसणारा एक छोटा लेझर प्रिंटर लिनक्सवर सरळपणे चालत नाही. त्याचा ड्रायव्हर मिळवून बसवण्यात माझे दोन-दोन तास गेले आहेत. जुने दाखले, जुनी परिपत्रकं युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टाइप केलेली असतात. उघडली की पडद्यावर निरर्थक इंग्रजी अक्षरं दिसतात, ती बदलून घ्यावी लागतात. डिजिटल सहीची काही साधनं फक्त विंडोजच मानतात, म्हणून कार्यालयातला एक संगणक विंडोजवर ठेवावा, असं मीच सांगतो. सगळ्यात जास्त अडवतो तो बायोसचा, म्हणजे संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंगचा, पासवर्ड. एका कक्षात पुरवठादारानं तो घालून ठेवला होता. करार संपला, माणूस गेला आणि त्याच्यासोबत पासवर्डही. पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू करायची परवानगीच मिळेना. शेवटी एकेक कॅबिनेट उघडून जंपर हलवून तो पुसावा लागला. सरकारी पैशातून घेतलेल्या वस्तूची किल्ली शाळेकडे नसावी, याचं मला त्या दिवशी फार वाईट वाटलं.

तरीही हे होण्यासारखं आहे, याचा दाखला आपल्या देशातच आहे. केरळनं २००१ मध्ये ‘आयटी ॲट स्कूल’ प्रकल्प सुरू केला आणि काही वर्षांतच तो मुक्त सॉफ्टवेअरवर नेला. २०१७ मध्ये त्याची ‘काइट’ ही सरकारी कंपनी झाली. त्यांनी शाळांसाठी स्वतःची लिनक्स आवृत्ती बांधली, तिची २२.०४ ही आवृत्ती उबुंटू या डिस्ट्रोवर आधारलेली आहे. त्यात केरळनं एक शहाणपणाची गोष्ट केली : शिक्षकाला वीस नावांपुढे एकटं सोडलं नाही. डिस्ट्रो राज्यानं निवडला, आयटीची पाठ्यपुस्तकं त्यातल्याच साधनांवर लिहिली, शिक्षकांना तेच शिकवलं आणि दहावीची आयटीची प्रात्यक्षिक परीक्षाही त्यावरच घेतली. २०१८ पासून ‘लिटल काइट्स’ नावाचे विद्यार्थ्यांचे गट चालतात. शाळेतल्या संगणकाची काळजी आता तिथली मुलंसुद्धा घेतात. कासारगोडच्या शिक्षकाला अडलं तर तिरुवनंतपुरमच्या शिक्षकाला उत्तर माहीत असतं, कारण दोघांच्या समोर तोच पडदा आहे.

आपल्याकडे काय कमी आहे? सी-डॅक या केंद्राच्या संगणक संशोधन संस्थेचं मुख्यालय पुण्यात आहे. ‘बॉस’ हा भारतीय डिस्ट्रो सी-डॅकनंच २००७ मध्ये आणला आणि तोही डेबियनवरच उभा आहे. मिंट, उबुंटू, अँटिएक्स ही सगळी डेबियनचीच घराणी. एकाचं शिकलेलं दुसऱ्याला लागू पडतं. मराठीचा लोहित देवनागरी फाँट आहे, इनस्क्रिप्ट कळफलक आहे आणि लिब्रेऑफिसचे मेनू मराठीत दिसतात. मेनूंची ही भाषांतरं व्हायला मराठी माणसांचे कित्येक रविवार खर्ची पडले आहेत. केंद्र सरकारनं २०१५ मध्येच मुक्तस्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचं धोरण जाहीर केलं आहे. सामान सगळं आहे, चूल पेटवणारं कुणीतरी हवं.

तेव्हा मंत्रिमहोदय, माझ्या मागण्या मोजक्या आहेत.

शाळेतला एकही संगणक केवळ वयावरून निर्लेखित होऊ नये. निर्लेखनाच्या प्रस्तावासोबत अर्ध्या तासाच्या चाचणीचा कागद जोडणं सक्तीचं करावं : बॅटरी बदलली का, रॅम साफ केली का, पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून पाहिलं का. जो खरोखर मेला आहे तो रस्त्यावरच्या भंगारवाल्याकडे न जाता २०२२ च्या ई-कचरा नियमांप्रमाणे नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्राकडे जावा. त्याआधी त्याची चांगली रॅम आणि चांगला पॉवर सप्लाय भावंडांसाठी काढून घ्यावा.

राज्यानं डेबियन हे एकच घराणं निवडावं आणि त्याच्या दोन तयार प्रती कराव्यात, एक ४ जीबीच्या संगणकांसाठी आणि एक त्याखालच्यांसाठी. पहिल्या पडद्यापासून मराठी, कळफलक मराठी, बालभारतीची ई-पुस्तकं आणि किविक्स आतच भरलेले. राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद (एससीईआरटी) आणि सी-डॅक दोन्ही पुण्यात आहेत. त्यांना एका टेबलाभोवती बसवणं आपल्या हातात आहे.

प्रत्येक तालुक्यात गटशिक्षणाधिकारी कार्यालयातल्या एका साधनव्यक्तीला याचं प्रशिक्षण द्यावं. त्यांच्या पिशवीत चार पेन ड्राइव्ह, स्क्रू ड्रायव्हर, एक ब्रश आणि पन्नास बॅटऱ्या असाव्यात. माझ्यासारखे दुरुस्ती करणारे तालुक्या-तालुक्यांत आहेत, आम्ही त्यांच्या मदतीला उभे राहू.

पुढची खरेदी करताना करारात दोन ओळी असाव्यात : संगणक आणि प्रिंटर लिनक्सवर चालतो हे पुरवठादारानं दाखवून द्यावं, आणि बायोसचा पासवर्ड लेखी स्वरूपात शाळेच्या ताब्यात द्यावा. खात्याच्या साइट कुठल्याही ब्राउझरमध्ये उघडाव्यात आणि परिपत्रकं युनिकोडमध्ये निघावीत.

यातल्या कुठल्याही गोष्टीला मोठी तरतूद लागत नाही. नवे संगणक यायलाच हवेत, त्याला माझा विरोध नाही. पण नवे येईपर्यंत सातवीची मुलं आठवीत जातात आणि आठवीची शाळा सोडून जातात. त्यांचं शिकण्याचं वय अर्थसंकल्पाची वाट बघत थांबत नाही.

त्या प्रशालेत मी मागच्या महिन्यात परत गेलो होतो. मॅडमनी रजिस्टर काढून दाखवलं. सात नोंदींपुढचा ‘नादुरुस्त’ हा शब्द लाल रेघेनं छेदला होता, शेजारी ‘चालू’ लिहून तारीख घातली होती आणि खाली त्यांची सही होती. तीन नोंदींपुढचा जुना शेरा तसाच होता, कारण तो खरा होता. साड्यांची झाकणं घड्या घालून कपाटात ठेवली होती. राज्यातल्या प्रत्येक शाळेच्या रजिस्टरमधला हा शेरा खरा असावा, खोटा नसावा, एवढीच माझी विनंती आहे. ती मान्य करायला आपलं एक परिपत्रक पुरेसं आहे.

आपला नम्र,
तालुक्याच्या गावचा एक संगणक दुरुस्ती कारागीर